दाढेचा ठणका, मुळाशी साचलेला पू आणि रूट कॅनल: नाशिकच्या रुग्णांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दाढ ठणकायला लागली की माणूस आधी लवंग शोधतो, मग मेडिकल गाठतो, मग शेजारच्या काकूंना विचारतो, आणि सगळं करून थकला की आमच्याकडे येतो. नाशिकमध्ये दातांच्या मुळांचे उपचार करताना खुर्चीत बसलेल्या माणसांनी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे लिहिले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान होताना मी पाहते.

डॉक्टर, ‘नस’ म्हणजे नेमकं काय?

दाताचं बाहेरचं पांढरं कवच म्हणजे एनॅमल, आपल्या शरीरातला सगळ्यात टणक पदार्थ. त्याच्या आत पिवळसर डेंटिन. आणि त्याच्याही आत, दाताच्या मधोमध असलेल्या पोकळीत, मऊ गर असतो. या गराला पल्प म्हणतात. लोक ज्याला ‘नस’ म्हणतात ती हीच. त्यात नसा असतात, तशाच रक्तवाहिन्या आणि जिवंत पेशीही असतात. ही पोकळी निमुळत्या नळ्यांमधून मुळात उतरते आणि मुळाच्या टोकावरच्या अगदी बारीक छिद्रातून जबड्याच्या हाडाकडे उघडते.

बोटात काटा गेला आणि सूज आली तर कातडी ताणली जाते. दाताच्या आत ताणायला जागाच नाही, चारही बाजूंनी भिंती. त्यामुळे आत सूज आली की दाब वाढतो, रक्त कोंडतं आणि गर भागाभागाने मरत जातो. हे एवढं ध्यानात ठेवलंत तर पुढचं सगळं आपोआप उलगडेल.

दातात खरंच कीड असते का? आमच्याकडे धुरी देऊन कीड काढतात.

‘कीड लागली’ हा शब्दच आपल्याला फसवतो. दातात अळी नसते. असतात ते जिवाणू, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून दाताला धुरी द्यायची आणि मग पाण्यात पडलेल्या पांढऱ्या अळ्या दाखवायच्या, हा प्रकार पेठ-सुरगाण्याकडच्या पेशंटांकडून मी आजही ऐकते. त्या ‘अळ्या’ म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांमधले कोंब असतात. युरोपातही अशाच दुसऱ्या एका झाडाच्या बिया जाळून लोकांना अळ्या दाखवत. फ्रान्सचे दंतवैद्य पिअर फोशार यांनी १७२८ साली लिहून ठेवलं की आपण सूक्ष्मदर्शकाखाली शोधलं, पण दातात किडा सापडला नाही. धुरीने थोडा वेळ बरं वाटूही शकतं, मी ते नाकारत नाही. पण तेवढ्या वेळात आतला आजार पुढे सरकतो.

मग जिवाणू इतक्या टणक दातातून आत जातात कसे?

तोंडात जिवाणू कायमच असतात. आपण गोड किंवा पिठूळ खाल्लं की त्यातले काही जण, विशेषतः स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, त्याचं आम्ल करतात. दातावरचं आम्लाचं प्रमाण वाढून पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात. दिवसातून दहा वेळा गोड चहा-बिस्किट झालं, तर दाताला सावरायला उसंतच मिळत नाही. एनॅमल ओलांडलं की पुढे डेंटिन. त्यात हजारो सूक्ष्म नळ्या थेट गराच्या दिशेने जातात, म्हणून खड्डा गरापर्यंत पोहोचण्याआधीच जिवाणूंचं विष आत झिरपायला लागतं.

किडीशिवायही वाट मिळते. सुपारी किंवा खडा चावल्याने दाताला तडा जातो, अपघातात दात आपटतो, जुनी फिलिंग कडेने सुटते.

या सगळ्यात दोष जिवाणूंचाच, हे १९६५ साली काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड या तीन अमेरिकी संशोधकांनी उंदरांवर दाखवलं. त्यांनी दोन प्रकारच्या उंदरांच्या दातांना भोक पाडून गर उघडा केला. एका गटातले उंदीर साधे होते, दुसऱ्यातले पूर्णपणे जंतुरहित वातावरणात वाढलेले. साध्या उंदरांचा गर सडला आणि मुळाशी पू झाला. जंतुरहित उंदरांच्या उघड्या दातात खाणं अडकत होतं, तरीही गर जिवंत राहिला आणि भोकावर नवं डेंटिनचं आवरण चढलं. आमचा सगळा उपचार या एका निरीक्षणावर उभा आहे. जिवाणू बाहेर काढा, त्यांची वाट बंद करा, बाकीचं काम शरीर करतं.

थंड लागलं की सणक जाते. म्हणजे रूट कॅनलच का?

नाही, लगेच घाबरू नका. निफाडकडे पारा उतरतो त्या सकाळी नुसती हवा दाताला लागली तरी सणक जाते, असं कितीतरी लोक सांगतात. महत्त्वाचं काय, तर ती सणक किती वेळ टिकते. थंड बाजूला केलं की दोन-चार सेकंदांत निवत असेल तर गर फक्त चिडलेला असतो. कीड काढून व्यवस्थित फिलिंग केलं की बहुतेक वेळा तो शांत होतो.

थंड पाणी पिऊन झाल्यावरही मिनिटभर कळ राहते, मिसळीच्या गरम तर्रीने ठणका सुरू होतो, काही न खाता-पिता आपोआप दुखतं, रात्री झोपेतून उठवतं, ही लक्षणं असतील तर गर बहुधा परत फिरण्याच्या पलीकडे गेलेला असतो. काही जण तर बर्फाच्या पाण्याची बाटली हातात घेऊन येतात, कारण थंड घोट तोंडात धरला तरच बरं वाटतं. असं होत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

ठणका रात्रीच का वाढतो?

आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, आणि बंद खोलीसारख्या त्या दातात तो लगेच जाणवतो. दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपा. सातपूर-अंबडला रात्रपाळी करणाऱ्यांना हाच ठणका सकाळी घरी जाऊन आडवं झाल्यावर लागतो.

आठ दिवस जीव नकोसा झाला होता, मग आपोआप थांबलं. दाढ बरी झाली ना?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर ऐकायला कोणालाच आवडत नाही. बहुतेक वेळा नाही. दुखणं थांबलं, कारण दुखवणारी नस मेली.

मेलेल्या गराला कळ नसते. रक्तपुरवठा नसल्यामुळे तिथे शरीराच्या पांढऱ्या पेशीही पोहोचत नाहीत. म्हणजे जिवाणूंना खायला अन्न आहे, राहायला बंद खोली आहे आणि पहारा कोणाचाच नाही. प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू तिथे जम बसवतात, हळूहळू मुळाच्या टोकातून बाहेर पडतात आणि हाड पोखरू लागतात. हे महिनोन् महिने चालतं आणि माणसाला पत्ता नसतो. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसते, ती हीच. मग एखाद्या दिवशी, बहुधा लग्नघरात किंवा परीक्षेच्या आदल्या रात्री, गाल सुजतो.

द्राक्षबागायतदार मला म्हणतात, ‘मॅडम, छाटणी उरकली की येतो.’ मग म्हणतात, ‘माल निघाला की येतो.’ ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत बागेतून पाय निघत नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्याच बागेत वेलीच्या खोडात रोग शिरला तर वरची पानं हिरवी आहेत म्हणून तुम्ही थांबत नाही. दाढेचं तसंच समजा. ठणका थांबल्यावरचे ते शांत दिवस उपचारासाठी सगळ्यात सोयीचे असतात, कारण तेव्हा सूज नसते आणि बधिर करायचं इंजेक्शनही चांगलं लागू पडतं.

मेडिकलमधून तीन दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या, फरक पडला. तोच कोर्स पुन्हा घेऊ का?

नको. आणि याचं कारण मला नीट सांगू द्या, कारण या एका सवयीमुळे वाचू शकले असते असे अनेक दात मी काढले आहेत.

गोळी पोटातून रक्तात जाते आणि रक्त जिथे जाईल तिथेच पोहोचते. मेलेल्या गरात रक्त जात नाही, त्यामुळे दाताच्या आत दडलेल्या जिवाणूंपर्यंत औषध जवळजवळ पोहोचतच नाही. मुळाबाहेर, हाडात आणि गालात पसरलेला संसर्ग गोळीने थोडा मागे हटतो, म्हणून सूज उतरते. पण मूळ घर तसंच राहतं. कोर्स संपला की पंधरा दिवसांनी, महिन्याने पुन्हा तेच. दर फेरीत हाड थोडं आणखी जातं, आणि औषधाला दाद न देणारे जिवाणू मागे उरतात.

नुसती नस सुजून ठणकत असेल, बाहेर सूज नसेल, ताप नसेल, तर अँटिबायोटिकचा काहीच उपयोग नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हेच आहे: आधी दातावर उपचार करा, पू असेल तर त्याला वाट करून द्या. ताप आला, सूज पसरू लागली, गाठी आल्या, अशा वेळी अँटिबायोटिक लागतंच, आणि तेव्हा आम्ही ते न कचरता देतो. पण ते उपचाराच्या जोडीला, उपचाराऐवजी नाही.

पोटाच्या तक्रारीसाठी विकली जाणारी ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची जोडगोळी दाढेसाठी घेऊन आलेले पेशंट मला वरचेवर भेटतात. घरात उरलेली, शेजाऱ्याला ‘लागू पडलेली’ गोळी घेऊ नका. पेनिसिलिन गटाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा.

मग दुखण्यासाठी घरी काय घेऊ?

मोठ्या माणसाला, मूत्रपिंडाचा किंवा पोटातल्या अल्सरचा त्रास नसेल, दमा नसेल, तर आयबुप्रोफेन जेवणानंतर आणि जोडीला पॅरासिटामॉल हे दाताच्या दुखण्यावर चांगलं चालतं. पाकिटावरचं प्रमाण ओलांडू नका. एक गोष्ट नक्की तपासा: दुखण्याच्या बऱ्याच तयार गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं, त्यावर वेगळं घेतलं की डोस दुप्पट होतो आणि यकृतावर ताण येतो.

पावसाळ्यात अंगात ताप असेल तर आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक घेऊ नका. डेंग्यू असला तर त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप दाताचा की डेंग्यूचा, हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल.

लवंग, लसूण, मिश्री यांचा काही उपयोग?

लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं, त्याने खरोखर थोडं बधिर होतं. आमच्या काही औषधी सिमेंटमध्येही तेच असतं. कापसाच्या बोळ्यावर एक थेंब, फक्त दाताच्या खड्ड्यात. हिरडीवर बाटली उपडी केली तर हिरडी भाजते. लसूण ठेचून रात्रभर गालात धरलेल्यांच्या हिरडीवर पांढरे चट्टे मी पाहिले आहेत. अॅस्पिरिनची गोळी दातापाशी ठेवली तरी तसंच होतं, ती गिळायची असते.

मिश्री मात्र अगदी बंद करा. ती भाजलेली तंबाखूच आहे. त्यातल्या निकोटिनमुळे थोडा वेळ बरं वाटतं, म्हणून आपल्या आया-आज्या ‘दात घासायला’ ती वापरत राहतात, आणि हिरड्या व गालाच्या आतली कातडी खराब होत जाते. हे सांगताना मी कोणाला रागावत नाही. ती सवय किती जुनी आहे आणि सुटायला किती जड आहे, हे मी खूप जणींशी बोलून जाणते.

कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा जरूर भरा. सुजलेला गाल बाहेरून गरम पिशवीने शेकू नका. बाहेरून थंड पट्टी चालेल.

हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, खारट पाणी येतं, मग बरं वाटतं. हे काय?

मुळाशी साचलेल्या पुवाने बाहेर पडायला काढलेली वाट. पू निघून जातो, दाब कमी होतो, म्हणून दुखत नाही. पण वाट उघडी आहे म्हणजे कारखाना चालू आहे. कधी ही वाट तोंडात न उघडता थेट हनुवटीवर किंवा जबड्याखाली कातडीवर उघडते. असे पेशंट महिनोन् महिने मलम लावत राहतात, जखम भरत नाही, आणि शेवटी एक्स-रेमध्ये खालचा दात सापडतो. दातावर उपचार झाला की ती जखम बहुधा आपोआप मिटते.

वरच्या दाढांची मुळं नाकाशेजारच्या सायनसच्या पोकळीला अगदी लागून असतात. एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत असेल आणि सर्दीच्या औषधाने जात नसेल, तर वरची दाढ तपासून घ्या.

सूज आली तर कधी थांबायचंच नाही?

यातलं एक जरी दिसलं तर दवाखान्याची वेळ बघू नका, मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा: तोंड दोन बोटांपेक्षा कमी उघडतंय, गिळता येत नाही, लाळ गळतेय, आवाज घोगरा किंवा तोंडात बटाटा धरल्यासारखा येतोय, जीभ वर उचलली गेलीय, हनुवटीखाली दोन्ही बाजूंना लाकडासारखी टणक सूज आहे, डोळा मिटत चाललाय, थंडी वाजून ताप आहे. आणि श्वास घ्यायला जड जात असेल तर १०८ ला फोन करा, माणसाला आडवं झोपवू नका, बसवूनच न्या.

खालच्या दाढांच्या मुळांचा संसर्ग जिभेखालच्या आणि मानेच्या पोकळ्यांत उतरू शकतो. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ मध्ये या प्रकाराचं वर्णन केलं आणि तो अजूनही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. सूज श्वासनलिकेची वाट बंद करते, तेही काही तासांत. एका दाढेने माणूस जाऊ शकतो यावर घरच्यांचा विश्वास बसत नाही, म्हणून इतकं स्पष्ट लिहिते आहे. सिन्नर, इगतपुरी, दिंडोरीच्या आतल्या गावातून यायचं असेल तर रस्त्याचा वेळ धरून लवकर निघा.

रूट कॅनलमध्ये करतात काय?

आधी दात बधिर करतो. मग दाताभोवती पातळ रबराचा पडदा लावतो. याला रबर डॅम म्हणतात, आणि अमेरिकेतल्या सॅनफर्ड बार्नम यांनी तो १८६४ मध्ये काढला. थुंकीतले जिवाणू दातात जाऊ नयेत आणि आतली औषधं व बारीक सुया घशात जाऊ नयेत यासाठी तो असतो. तुमच्या डॉक्टरांना ‘रबर डॅम लावणार ना?’ असं विचारायला अजिबात संकोच करू नका.

पुढे वरून छोटं दार करून किडका भाग आणि मेलेला गर काढतो, मुळातल्या नळ्या बारीक फाइलने साफ करतो आणि सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रावणाने पुन्हा पुन्हा धुतो. फाइल फक्त वाट रुंद करते. खरी सफाई या धुण्याने होते, कारण नळीला बाजूने फाटे असतात आणि तिथे कोणतंही हत्यार पोहोचत नाही. नळीची लांबी यंत्राने आणि एक्स-रेने मोजतो. शेवटी नळ्या गटापर्चा या झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या रबरासारख्या पदार्थाने घट्ट भरून वरून सिमेंट करतो.

‘दात मेला’ असं म्हणतात ते अर्धंच खरं. आतला गर गेला, पण मुळाभोवतीचा धागा आणि हाड जिवंत असतात. म्हणूनच नंतरही चावताना तुम्हाला दाब कळतो.

दुखेल का? मागच्या वेळी इंजेक्शन देऊनही कळ गेली होती.

तुमची तक्रार खरी आहे. सुजलेल्या जागेत आम्लता वाढलेली असते आणि तिथे बधिर करणारं औषध नीट काम करत नाही. खालच्या दाढांमध्ये हे जास्त होतं. अशा वेळी दुसऱ्या जागी किंवा थेट मुळाशेजारी इंजेक्शन द्यावं लागतं, थोडं थांबावं लागतं. कळ आली तर हात वर करा. सहन करण्यात काही शौर्य नाही, आणि पेशंट दबून बसला की माझंही काम बिघडतं. नंतर दोन-तीन दिवस चावताना दुखरं वाटतं, ते साहजिक आहे. त्यानंतर वाढत गेलं तर फोन करा.

किती वेळा यावं लागेल?

गर अजून जिवंत असेल तर बऱ्याचदा एका बैठकीत होतं. पू असेल, नळ्या वाकड्या असतील, तर दोन किंवा तीन. मधल्या काळात आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जिवाणू मारणारं औषध ठेवतो. दुखायचं थांबलं म्हणून मधेच येणं सोडू नका. अर्धवट सोडलेली दाढ आधीपेक्षा वाईट, कारण वरचं तात्पुरतं सिमेंट झिजतं आणि नव्याने जिवाणू शिरतात.

कॅप बसवलीच पाहिजे का? तिथेच खर्च वाढतो.

दाढांना, बहुतेक वेळा हो. किडीने आणि उपचाराने दाढ आतून पोकळ झालेली असते. कॅपशिवाय ज्वारीच्या भाकरीतला एक खडा ती उभी चिरायला पुरतो, आणि मूळ चिरलं तर काढण्यावाचून उपाय नाही. पुढच्या दातांची फारशी झीज नसेल तर फिलिंगवर भागतं. पैशांची अडचण असेल तर आधी सांगा. साधी धातूची कॅपही काम चोख करते, ती फक्त दिसायला पांढरी नसते.

त्यापेक्षा काढूनच टाकली तर?

तोही एक रीतसर पर्याय आहे, आणि दात चिरला असेल किंवा वर काहीच उरलं नसेल तर मीच तो सुचवते. पण रिकाम्या जागेकडे शेजारचे दात झुकतात, समोरचा दात उतरतो. पुढे ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात) किंवा इम्प्लांट (हाडात बसवलेलं कृत्रिम मूळ) केलं तर रूट कॅनलपेक्षा खर्च जास्तच होतो. अक्कलदाढ असेल तर मात्र काढणंच सहसा शहाणपणाचं.

वरची दाढ काढली की नजर अधू होते म्हणतात.

होत नाही. दाताची संवेदना मेंदूकडे नेणारी नस वेगळी आणि डोळ्याने दिसणारं मेंदूकडे नेणारी नस वेगळी. या भीतीपायी सडलेली दाढ वर्षानुवर्षं ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. डोळ्याला धोका असलाच तर तो न काढलेल्या, पू झालेल्या दाढेच्या सुजेपासून.

लहान मुलांचे दुधाचे दात पडणारच आहेत, मग उपचार कशाला?

दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. सहा वर्षांच्या मुलाने तोवर चावायचं कशाने? शिवाय त्यांच्या मुळांच्या बरोबर खाली कायमच्या दातांचे कोंब असतात. वर पू झाला तर खालच्या दातावर डाग पडू शकतात, तो वेडावाकडा येऊ शकतो. मुलांत बऱ्याचदा फक्त वरचा गर काढून औषध ठेवलं की दात टिकतो. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. आणि पाच वर्षांच्या लेकराला ‘डॉक्टर सुई टोचतील हं’ अशी भीती घरी घालू नका. ते मूल मोठेपणीही ठणका सोसत बसतं.

गरोदरपणात चालतं का?

चालतं. चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा, पण पू झाला असेल तर कोणत्याही महिन्यात उपचार करायला हवा. बधिर करायचं लिग्नोकेनचं इंजेक्शन देता येतं. दाताच्या एक्स-रेचे किरण अगदी कमी असतात, गरज असेल तर तोही काढता येतो. दुखण्याला पॅरासिटामॉल घ्या. आयबुप्रोफेन आपल्या मनाने घेऊ नका, विसाव्या आठवड्यानंतर तर नकोच. सासूबाई ‘बाळंतपण होऊ दे’ म्हणत असतील तर त्यांनाही सोबत आणा, मी त्यांच्याशी बोलते.

मला शुगर आहे. रक्त पातळ करायच्या गोळ्याही चालू आहेत.

शुगर वाढलेली असेल तर संसर्ग लवकर पसरतो आणि हाड भरायला वेळ लागतो. उलट तोंडात पू असेल तर शुगरही आटोक्यात येत नाही. नाश्ता करून, नेहमीचं औषध घेऊन सकाळची वेळ घ्या.

रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. रूट कॅनलला त्या बहुतेक वेळा बंद कराव्या लागत नाहीत. त्यातली वॉरफरिन चालू असेल तर मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक परस्पर घेऊ नका, त्याने रक्त प्रमाणाबाहेर पातळ होतं. हृदयाची झडप बदललेली असेल तर उपचाराआधी एक अँटिबायोटिकचा डोस लागतो, तेवढं पहिल्याच भेटीत सांगा.

दहावीतल्या मुलाचा पुढचा दात क्रिकेटमध्ये आपटला होता, आता काळा पडतोय.

मार लागल्यावर गराचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि रंग बदलायला महिने, कधी वर्षंही लागतात. दुखत नसलं तरी तपासून घ्या. दात मुळासकट निखळून हातात आला असेल तर मूळ चोळू नका, वरच्या भागाला धरून थंड दुधात टाका आणि तासाभराच्या आत दवाखान्यात पोहोचा.

रूट कॅनल झालेली दाढ चार वर्षांनी पुन्हा दुखतेय. पैसे वाया गेले का?

अपयश येतं, ते लपवण्यात अर्थ नाही. एखादी नळी राहून गेलेली असते. वरच्या पहिल्या दाढेत तीन नळ्या सापडल्या की काम संपलं असं वाटतं, पण पुष्कळ लोकांत चौथी असते आणि ती साध्या नजरेला सापडत नाही. कधी कॅप कडेने गळते, कधी मूळ चिरलेलं असतं. उपवास सोसून नळीत तग धरणारा एन्टरोकॉकस फीकॅलिस नावाचा जिवाणू अशा दातांत वारंवार सापडतो. बहुतेक वेळा जुनं भरण काढून पुन्हा साफ करता येतं, नाहीतर छोटी शस्त्रक्रिया करून मुळाचं टोक काढता येतं.

उपचार नीट झाला तरी एक्स-रेमधली काळी सावली लगेच जात नाही. हाड भरायला सहा महिने ते वर्ष, कधी चार वर्षंही लागतात. वर्षाने एक्स-रे काढायला या म्हणते ते यासाठी.

रूट कॅनलने संधिवात, कॅन्सर होतो असा मेसेज आलाय.

इंग्लंडचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी १९१० मध्ये मॉन्ट्रियलच्या भाषणात तोंडातल्या संसर्गावर अनेक आजारांचं खापर फोडलं, आणि पुढे काही दशकं लोकांचे चांगले दातही सरसकट उपटले गेले. नंतरच्या संशोधनात तो दावा टिकला नाही. नीट साफ करून बंद केलेला दात शरीराला घातक नसतो.

नाशिकमध्ये कमी खर्चात कुठे होईल?

पंचवटीत मुंबई-आग्रा रस्त्यावर कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, फेऱ्या जास्त होतात, खर्च खासगीपेक्षा कमी येतो. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयातही दातांची तपासणी होते. तिथे कोणते उपचार कोणत्या दिवशी होतात, ते आधी चौकशी करून जा, म्हणजे सुरगाण्याहून केलेली खेप फुकट जाणार नाही.

पहिल्या भेटीला येताना काय आणू?

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, नुसती नावं नकोत. दाताचे जुने एक्स-रे असतील तर ते. शुगरचा शेवटचा रिपोर्ट. पोटभर जेवून या, कारण बधिर झालेला गाल नंतर दोन-तीन तास चावला जाण्याची भीती असते. आणि येण्याआधी दुखण्याची गोळी घेतली असेल तर किती वाजता घेतली ते सांगा, नाहीतर कुठली दाढ दुखतेय हेच तपासताना कळत नाही.